वगळलेली अठरा मिनिटे

हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असे मला वाटत नाही, आणि ही केवळ नम्रतेची भाषा नाही. पदार्थविज्ञान शिकलेल्या आणि पुढची बावीस वर्षे मोटारींच्या दिव्यांच्या चाचण्यांचे अहवाल लिहिण्यात घालवलेल्या बाईने एकोणसाठाव्या वर्षी आठवणी लिहायला बसावे, याला धाडस म्हणण्यापेक्षा अविवेक म्हणणे अधिक योग्य ठरेल. त्या अहवालांत ‘मी’ कुठेच नसे. दिवा तपासला गेला, काच तडकली, नोंद घेण्यात आली. कोणाच्या हातून तडकली, ते लिहिण्याची पद्धत नव्हती. हा मजकूरही मी आधी तसाच लिहून पाहिला: ‘चित्रपटाचा काही भाग वगळण्यात आला.’ वाक्य निर्दोष होते, म्हणूनच ते खोडले. तो भाग मी वगळला, माझ्या उजव्या हाताने. निदान एवढे तरी मला सरळ लिहिता यावे, एवढीच इच्छा आहे. लेखणी अडखळेल, त्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

आम्ही वोल्फ्सबुर्गला राहतो. माझे पती इथल्या मोटार कारखान्यात अभियंता आहेत. गावात मराठी घरे मोजकी, तरी आमचे एक मंडळ आहे. दिवाळीच्या दिवसांत सभागृह मिळत नाही म्हणून आमची दिवाळी दर वर्षी नोव्हेंबरच्या मध्यावर, झाडांची पाने पुरती गळून गेल्यावर साजरी होते. दोन वर्षांपूर्वी त्या दिवाळीला एक मराठी गुन्हेपट दाखवायचे ठरले, आणि त्याला कारण आमचे घर होते. त्या चित्रपटात माझ्या धाकट्या दिरांनी काम केले होते.

भाऊजी साताऱ्याला एका सहकारी बँकेत होते. पन्नाशीला त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नाटकात शिरले. माझे सासरे पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून निवृत्त झालेले, नेमक्या रेषांचे गृहस्थ. मुलाच्या निर्णयावर ते रागावले नाहीत, भांडले नाहीत. त्यांनी तो विषयच काढला नाही. भाऊजींचे एकही नाटक त्यांनी पाहिले नाही. प्रयोगाच्या दिवशी त्यांना हटकून पित्त होत असे. त्या हिवाळ्यात ते तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते, आणि मंडळात चित्रपट लागणार असे कळल्यावर म्हणाले, “इथे पित्त झालं तरी जाणार कुठे? येतो.”

हे मी भाऊजींना फोनवर सांगितले.

“वहिनी, खरंच म्हणाले?”

“अहो, कोट इस्त्रीला द्यायचा का, हेही विचारलं.”

“मग एक ऐका. तुम्ही आधी बघू नका. बाबांबरोबरच बघा. आणि मध्यंतरानंतर पडद्याकडे कमी, त्यांच्याकडे जास्त बघा. मग मला सांगा.”

“एवढं काय आहे त्यात?”

“आहे एक गोष्ट. आता सांगितली तर तुमच्या तोंडावर दिसेल. खोटं तुम्हाला येत नाही.”

मी शब्द दिला. चित्रपटाचा दुवा शुक्रवारी आला. मी फक्त पहिली पाच मिनिटे लावून आवाज तपासला आणि बंद केला. मंडळात लॅपटॉप सांभाळण्याचे काम माझ्याकडे असते. त्यासाठी सर्वांच्या मागे, अंधारात बसावे लागते आणि कोणाशी बोलावे लागत नाही. माझ्या स्वभावाला याहून सोयीचे पद मंडळाच्या घटनेत नाही.

सभागृह एका चर्चचे. साडेपाचला तिथे गायकवृंदाचा सराव असतो, त्याआधी खुर्च्या मिटून, फरशी पुसून ते हाउसमाइस्टरच्या, म्हणजे इमारतीची देखभाल करणाऱ्याच्या, ताब्यात द्यायचे असते. हे हाउसमाइस्टर उंच, अबोल, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन दाराशी उभे राहणारे. त्यांनी कधी कोणाला शब्दाने दुखावले नाही. ते फक्त घड्याळाकडे पाहत. रविवारी दोनचा कार्यक्रम आम्ही अडीचला सुरू केला, याचे आमच्यापैकी कोणालाच काही वाटले नाही.

चित्रपट संथ होता. तालुक्याच्या गावातला भूमी अभिलेख कार्यालयाचा एक कारकून नाहीसा होतो, आणि निवृत्तीला आलेला एक हवालदार सायकलवरून त्याचा माग काढत फिरतो. खलनायक दोन: पशुखाद्याच्या कारखान्याचे भागीदार. त्यांतले थोरले आमचे भाऊजी. वजनकाट्यावर एक ट्रक येतो, थांबतो, वजन होते, ट्रक जातो, आणि एवढा सगळा वेळ कॅमेरा जागचा हलत नाही. माझ्या पुढच्या रांगेतल्या बाई शेजारणीला म्हणाल्या, “ट्रक गेला की सांग गं, तोवर मी चहाचं बघून येते.” त्या येईपर्यंत ट्रक तिथेच होता. पूर्वार्धात भाऊजी दोनदा दिसले. एकदा पांढऱ्या शर्टात “वजन बरोबर आहे” म्हणाले, एकदा जीपमध्ये बसून काहीच म्हणाले नाहीत. सासरे पहिल्या रांगेत, कानटोपीची घडी मांडीवर ठेवून, ताठ बसले होते. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. मध्यंतरानंतर पुढे जाऊन बसायचे, असे मी ठरवले होते.

मध्यंतराला अध्यक्षांनी माईक घेतला. हे पुण्याचे, संगणक क्षेत्रातले, मोठ्या आवाजाचे आणि मनाने खरोखर चांगले गृहस्थ आहेत. “मंडळी, वडे गरम होताहेत. तोवर एक सरप्राइज! आज आपल्यात खुद्द खलनायकाचे वडील उपस्थित आहेत!”

सगळे हसले, टाळ्या झाल्या. सासऱ्यांना मंचावर नेण्यात आले. आमच्याकडे कोणी ज्येष्ठ पाहुणे आले की शाल-श्रीफळ द्यायचे, ही प्रथा मंडळाने इथेही जपली आहे. नारळ मात्र इथल्या दुकानातला, शेंडी नसलेला, गुळगुळीत. तो अध्यक्षांच्या हातून निसटून मंचावरून घरंगळत गेला. पुन्हा हशा झाला. अध्यक्ष बोलले म्हणून माजी अध्यक्षही बोलले. त्यांच्या आधीचे माजी अध्यक्ष “मी दोनच शब्द बोलतो” म्हणून उठले. मग प्रत्येक कुटुंबाला खलनायकाच्या वडिलांबरोबर छायाचित्र हवे होते. सासरे शाल सावरत उभेच होते. आयुष्यभर नकाशांच्या कोपऱ्यात आद्याक्षरांपुरते राहिलेले ते गृहस्थ, एवढे लोक आपल्याभोवती का जमले हे न कळल्यासारखे हसत होते. तिकडे स्वयंपाकघरात तळणाला परवानगी नसल्याने घरून तळून आणलेले वडे ओव्हनमध्ये दोन-दोन ट्रे करून गरम होत होते. पंधरा मिनिटांचे मध्यंतर पन्नास मिनिटे चालले. त्या सत्काराचा मला मनापासून आनंद झाला होता, हेही इथे लिहिले पाहिजे.

मग हाउसमाइस्टरनी अध्यक्षांना बाजूला बोलावून घड्याळ दाखवले. अध्यक्ष घाईने माझ्याकडे आले.

“वहिनी, जरा पुढे घ्या.”

“काय पुढे घेऊ?”

“सिनेमा हो! पंधरावीस मिनिटं उडवा. पाच-दहाला संपलाच पाहिजे, नाहीतर हा माणूस पुढच्या वर्षी आपल्याला दारात उभं करणार नाही.”

“पण त्यात काही महत्त्वाचं असलं तर...”

“अहो, त्या ट्रकला काटा सोडायला चार मिनिटं लागली. गाय रवंथ करते तसा चाललाय सिनेमा. कोणाला कळणारसुद्धा नाही. गेनाऊ, अगदी बरोबर, तो सायकलवाला दिसेल तिथून लावा.”

आणि ते खुर्च्या मांडायला निघून गेले.

मला थांबवायचे होते. भाऊजींचे बोलणे मला आठवत होते. पण त्यासाठी उठून, खुर्च्या मांडणाऱ्या अध्यक्षांना सर्वांदेखत नाही म्हणावे लागले असते. त्याऐवजी मी हिशेब केला. किती वाजले, चित्रपट किती उरला, किती कमी करायला हवा. उत्तर अठरा मिनिटे आले. प्रोजेक्टरच्या भिंगासमोर वहीचा पुठ्ठा धरून मी बरोबर अठरा मिनिटे पुढे गेले. तिथे योगायोगाने हवालदाराची सायकलच आली, आणि त्या अचूकतेचे मला समाधानही वाटले. पुठ्ठा काढला. कोणाला कळले नाही. पुढे जाऊन बसणेही राहिले, कारण आता घड्याळाकडे लक्ष ठेवणे भाग होते.

उत्तरार्धात भाऊजी आणखी दोनदा आले आणि शेवटी पकडले गेले. कारकुनाचा खून त्यांनी का केला, याचे कारण पडद्यावर कुठेच आले नाही. खुर्च्या मिटताना प्रत्येकाचे मत एकच होते: चित्रपट लांबलेला, आणि खलनायक कच्चे.

आम्ही मोटारीने परत निघालो. बाहेर अंधारून आले होते. माझे पती म्हणाले, “जरा स्लो होता, नाही?”

“स्लो असायला माझी हरकत नाही,” मागून सासरे म्हणाले. “नदीचं सर्वेक्षणही स्लोच असतं. पण शेवटी नकाशा हातात यावा लागतो. याने नुसती बाह्यरेषा काढली. आत काही भरलेलंच नाही. चार वाक्यं. एवढ्यासाठी माणूस बँक सोडतो?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरे वाटले असते.

घरी पोचल्यावर त्यांनी स्वतःहून भाऊजींना फोन लावायला सांगितला. मी लावून दिला. ते म्हणाले, “पाहिला रे. शर्ट इस्त्रीचा होता, ते बरं वाटलं.” आणि मग, “जेवलास का?”

दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना भाऊजींचा फोन आला.

“वहिनी, बाबा अजून काही म्हणाले?”

“विशेष नाही.”

“पेन्सिलींचं? पेन्सिलींचं काही म्हणाले नाहीत?”

चित्रपटात मी एकही पेन्सिल पाहिली नव्हती. त्या अठरा मिनिटांतच त्या असणार, हे मला त्याच क्षणी कळले. मी म्हणाले, “नाही. काहीच म्हणाले नाहीत.” हे वाक्यही निर्दोष होते. भाऊजी “बरं” म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

त्या गुरुवारी मी अर्धी रजा घेऊन लवकर घरी आले. सासरे दुपारी फिरायला जात असत. ते गेल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि ती अठरा मिनिटे पाहिली.

पहिली सहा आणि शेवटची तीन मिनिटे हवालदाराची होती. मधल्या नऊ मिनिटांत एक घर आले. पत्र्याचे छप्पर, भिंतीवर दिनदर्शिका, जमिनीवर पसरलेले वर्तमानपत्र. खलनायक घरी येतो, हातपाय धुतो आणि त्या कागदाशी मांडी घालून बसतो. त्याच्या मुलीची उद्या चित्रकलेची परीक्षा आहे. तो ब्लेडने तिच्या पेन्सिलींना टोक करू लागतो. लाकडाच्या सालपट्या लांब, एकसंध निघतात. शिसे लांब ठेवलेले. प्रत्येक टोक तो डोळ्यांसमोर धरून फिरवून पाहतो, अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून बघतो आणि पेन्सिल उंचीप्रमाणे रांगेत ठेवतो. मांडीखाली ठेवलेला फोन वाजतो. भागीदार कारकुनाचे काय करायचे ते विचारतो आहे. कारकुनाने सातबाऱ्यावरची खाडाखोड पाहिली आहे. ती उघड झाली तर हे घर जाणार, मुलीची शाळा जाणार. तो ऐकतो. हात थांबत नाहीत. आठवी पेन्सिल होईपर्यंत तो काही बोलत नाही. मग कागदावरचा भुगा एका फुंकरीने उडवून म्हणतो, “मुलीला झोपवतो, मग बोलू.” एवढेच. त्या नऊ मिनिटांत हा माणूस कोणावर किती माया करतो आणि त्यासाठी काय करील, हे सगळे कळते. हे काढून घेतले, तर खरोखरच त्याची केवळ बाह्यरेषा उरते.

पण मला रडू आले ते त्यामुळे नाही. ते हात माझ्या सासऱ्यांचे होते. आमची मुलगी लहान असताना आम्ही साताऱ्याला गेलो की ते तिचे इथून आणलेले सुबक शार्पनर बाजूला सारून, वर्तमानपत्र पसरून, अगदी असेच बसत. लांब शिसे, नखावरची ती परीक्षा, उंचीप्रमाणे लावलेली रांग. भाऊजींच्या आणि माझ्या पतींच्या लहानपणीही दर रविवारी हेच चाले, असे मी ऐकले होते. आपल्या वडिलांची माया कशी दिसत असे, ते मुलाने वडिलांना दाखवायला ठेवले होते. नेमका त्यावरच मी वहीचा पुठ्ठा धरला होता.

पतींना मी सांगितले. त्यांनी जेवण थांबवून ती नऊ मिनिटे पाहिली, आणि ते खिडकीशी जाऊन उभे राहिले.

“बाबांना दाखवू या,” मी म्हणाले.

“दाखव. पण मग सांगावं लागेल का राहिलं ते. त्यांचा सत्कार करता करता त्यांच्याच मुलाचं काम कापलं. ती शाल त्यांनी कपाटात घडी घालून ठेवलीये, पाहिलीस ना?” मग म्हणाले, “आणि तो? त्याला काय सांगशील?”

सासरे परत जायला तेव्हा बावीस दिवस होते. एका रविवारी चहानंतर मी धीर करून म्हणाले, “बाबा, भाऊजींचा सिनेमा परत थोडा पाहायचा का? मधला भाग छान आहे.”

“एकदा पाहिला ना? पाहिलेलं परत पाहायला मी काय परीक्षक आहे?” ते हसून म्हणाले. “तुम्ही उगाच मनाला लावून घेऊ नका, सूनबाई. सगळ्यांना सगळं जमत नाही. तो माणूस म्हणून चांगला आहे, एवढं पुरे.”

माझ्या समजुतीसाठी त्यांनी ते म्हटले होते. तेव्हाच मी म्हणायला हवे होते की बाबा, तुम्ही तो पाहिलेलाच नाही. तेवढे एक वाक्य. मी कपबशा उचलल्या. पुढचे दोन आठवडे मी रोज सकाळी ते वाक्य तयार करीत असे, आणि रोज काहीतरी आडवे येई: त्यांची औषधे, बर्फ, सामानाचे वजन. हानोफरच्या विमानतळावर व्हीलचेअरवाला त्यांना घेऊन गेला, तेव्हाही ते वाक्य माझ्याजवळच होते. उन्हाळ्यात आपण साताऱ्याला जाऊ तेव्हा दाखवू, असे मी स्वतःला सांगितले.

फेब्रुवारीत ते गेले. दुपारी जेवून पडले, ते उठले नाहीत. आम्ही पोचलो तोवर सगळे आटोपले होते.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. भाऊजी आणि मी माडीवर बाबांचे सामान लावत होतो. टी-स्क्वेअर, नकाशांच्या गुंडाळ्या, पितळी कंपास. भाऊजी खाली मान घालून बोलू लागले.

“वहिनी, एक बरं झालं. त्यांनी पाहिलं तरी. माझं एकच काम पाहिलं, पण पाहिलं.”

मी एक गुंडाळी उचलून दोरीने बांधू लागले.

“चुकलं माझंच. मला वाटलं, त्यांना ओळखीचं वाटेल, हसतील. पण मी त्यांचे हात खुन्याला दिले हो. कुठल्या बापाला आवडेल? म्हणून ते एक शब्द बोलले नाहीत. शर्टावर बोलले. एवढं लागलं त्यांना, आणि तरी विचारलं, जेवलास का.”

“तसं नसेल, भाऊजी.”

“तुम्ही होतात ना तिथे. त्यांचा चेहरा पाहिलात ना?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मला खोटे येत नाही, असे ते मानतात. मी म्हणाले, “अंधार होता.”

त्यानंतर भाऊजींनी काम घेतलेले नाही. दोन दिग्दर्शकांनी विचारले, एकाने तर घरी येऊन विचारले. ते सर्वांना गुडघे दुखतात असे सांगतात. सकाळी एका पतपेढीत हंगामी काम करतात आणि दुपारनंतर बाबांच्या गुंडाळ्यांना वाळवी लागू नये म्हणून त्या उन्हात पसरून उन्हे उतरेपर्यंत गच्चीवर बसतात. फोनवर आम्ही हवामानाबद्दल बोलतो.

मी खरे सांगितले, तर वडिलांना दुखावल्याचे ओझे त्यांच्यावरून उतरेल, आणि कदाचित ते पुन्हा उभे राहतील. पण वडिलांनी आपले एक तरी काम पाहिले, हा त्यांच्याजवळचा एकमेव दिलासाही मी त्याच वाक्याने काढून घेईन, आणि तो परत देण्याचा कोणताही मार्ग कोणाजवळ नसेल. माझ्याविषयी त्यांना काय वाटेल, हा विचारही यात आहे. तो नाही असे लिहिले, तर ते खोटे होईल. पुढच्या महिन्यात आम्ही साताऱ्याला जाणार आहोत. माझ्याहून जाणत्या असलेल्या वाचकांना मी इतकेच विचारते: तुम्ही माझ्या जागी असता, तर त्यांना सांगितले असते का?